यंत्र कोणाचे, अल्बम कोणाचा?

जुन्या मोटारींची फेरी निघाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे हटकून येतात. पितळी दिवे, आऱ्यांची चाके, आरशासारखे चकचकीत बॉनेट. चाकामागे फेटा बांधलेला मालक, शेजारी पत्नी, मागच्या बैठकीवर मुले आणि नातवंडे. चित्राखालच्या ओळीत मोटारीचे साल, तिची बनावट आणि मालकाचे नाव असते. ती मोटार इतकी वर्षे चालती ठेवणारा मिस्त्री, ती रोज पुसणारा नोकर, ती हाकणारा ड्रायव्हर यांच्यापैकी कोणीही त्या चौकटीत नसतो. आणि तो नाही म्हणून कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. 'वारसा' हा शब्द मात्र त्या ओळीत हमखास असतो.

वारसा कोणाचा, हा प्रश्न आपण साहित्याच्या संदर्भात अर्धशतकाहून अधिक काळ विचारीत आलो आहोत. प्रस्थापित कथा-कादंबरीत आपला माणूस कोठे आहे, आणि असेल तर तो कोणाच्या नजरेने पाहिलेला आहे, हे आपण तपासले. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ही तपासणी आपण फारशी केली नाही. कॅमेरा समोर असेल तेच टिपतो, तो खोटे बोलत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. परंतु कॅमेरा कोणाच्या हातात आहे, तो कोणाच्या अंगणात उभा आहे आणि चौकटीच्या बाहेर कोणाला ठेवतो आहे, यावर चित्राचा अर्थ ठरतो. म्हणून छायाचित्राचीही समीक्षा झाली पाहिजे, आणि ती साहित्याच्या समीक्षेइतक्याच कठोरपणे झाली पाहिजे.

या लेखात मला दोन छायाचित्रकारांचा विचार करावयाचा आहे. दोघांनीही यंत्र आणि घरगुती जीवन हे दोन विषय शेजारी ठेवले. एक फ्रान्सचा जाक-आंरी लार्तीग. दुसरा अमेरिकेचा मिल्टन रोगोव्हिन. परदेशी नावे मिरविण्याची मला हौस नाही. आपल्या गिरणगावाची यंत्रे आता 'जुन्या काळची सुंदर वस्तू' म्हणून मांडली जाऊ लागली आहेत. अशा वेळी या दोघांच्या कामाची तुलना आपल्याला काही शिकवील, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

१

लार्तीगचा जन्म १८९४ सालचा, पॅरिसलगतच्या कूर्बव्वाचा. घर अत्यंत श्रीमंत. वडील स्वतः हौशी छायाचित्रकार. वयाच्या आठव्या वर्षाच्या आतबाहेर मुलाच्या हाती कॅमेरा आला आणि १९८६ साली मृत्यू येईपर्यंत तो सुटला नाही. सुमारे एक लाख छायाचित्रे आणि शंभराहून अधिक जाडजूड अल्बम त्याने मागे ठेवले. १९७९ साली हा सारा ठेवा त्याने फ्रेंच शासनाच्या स्वाधीन केला.

या अल्बमांत काय आहे? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मोटारी आहेत, मोटारींच्या शर्यती आहेत, विमानांची पहिली उड्डाणे आहेत. थोरला भाऊ, ज्याला घरात झीसू म्हणत, तो रूझा येथील कुटुंबाच्या वाड्याच्या आवारात घरीच बनविलेल्या ग्लायडरवर उडू पाहतो आहे. चाके लावलेल्या घसरगाड्या उतारावरून सुटल्या आहेत. १९०५ सालच्या एका चित्रात चुलतबहीण जिन्यावरून उडी घेते आणि लांब झग्यासह हवेत तरंगत राहते. वडील मोटार हाकीत आहेत. बायका टोप घालून बोलोन्यच्या रानातल्या रस्त्यावर फिरावयास निघाल्या आहेत आणि त्यांच्या मागून एखादी मोटार येते आहे. यंत्र आणि घर यांच्यात येथे कसलीही भिंत नाही.

त्याचे एक चित्र जगभर गाजले. शर्यतीतील एक मोटार वेगाने पुढे जाते आहे. तिचे मागचे चाक वर्तुळ न राहता पुढे कललेल्या अंड्यासारखे झाले आहे, तर रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब उलट दिशेला कललेले आहेत. मोटारीचा पुढचा भाग चौकटीतून निसटलेला आहे. हा चमत्कार कॅमेऱ्याच्या पडद्याचा आहे. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत काचेपुढून एक अरुंद फट सरकत जाई आणि चित्राचा एक एक पट्टा क्रमाने उजळे. पहिला पट्टा उमटल्यापासून शेवटचा उमटेपर्यंत मोटार पुढे गेलेली असे, म्हणून चाक कलले. लार्तीगने मोटारीबरोबर कॅमेराही फिरविला, म्हणून स्थिर उभी असलेली माणसे विरुद्ध बाजूला कलली. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या चित्रात वेगाची नशा आहे आणि ती खरी आहे. नव्या शतकाचे यंत्र पाहून एका तरुणाचे मन उचंबळून आले, त्याची ती नोंद आहे. हा आनंद खोटा आहे असे म्हणणे म्हणजे चित्र न पाहताच बोलणे होय.

पण तो आनंद कशावर उभा आहे? ज्या वयात लार्तीग काचेवर काच टिपत होता त्या वयात युरोपातील लाखो मुले गिरणीत, खाणीत आणि शेतात राबत होती. छायाचित्राच्या काचा, रसायने, कागद या वस्तू महाग होत्या. मोटार ही तर मूठभरांची चैन होती. ज्या कुटुंबाकडे यंत्र खेळणे म्हणून येते, त्याच कुटुंबाच्या अल्बमात ते घरातल्या माणसासारखे बसू शकते. मालकाच्या बाबतीत यंत्र आणि कुटुंब यांना जोडण्यासाठी कोणत्याही कलात्मक प्रयत्नाची गरज पडत नाही. दोन्ही त्याच्याच दारात उभी असतात.

त्या अल्बमात कामकरी माणूस अजिबात नाही असे नाही. १९०४ सालचे एक चित्र आहे. घरातील आया चेंडू वर फेकते आहे आणि चेंडू हवेत थांबला आहे. चित्र प्रसन्न आहे, त्यात मुलाची माया आहे. पण ही बाई अल्बमात 'दुदू' या हाकेच्या नावाने येते आणि मालकाच्या मुलाला खेळविण्याच्या कामावर असतानाच येते. तिला स्वतःचे घर होते का, मुले होती का, सुट्टीच्या दिवशी ती कशी दिसत असे, हे चित्र सांगत नाही. एक लाख चित्रांत कुटुंब एकच आहे.

२

लार्तीग छायाचित्रकार म्हणून प्रसिद्धीस आला तो फार उशिरा. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन शारकोव्स्की यांनी त्याचे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्याची सत्तरी जवळ आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'लाइफ' साप्ताहिकाने त्याची चित्रे छापली. तो नेमका केनेडींच्या हत्येचा अंक ठरला आणि म्हणून लक्षावधी घरांत पोहोचला. १९७० साली रिचर्ड ॲव्हेडॉन यांच्या संपादनाने त्याचे मोठे पुस्तक निघाले. या सर्व प्रवासात एक प्रतिमा पक्की करण्यात आली: कोणाकडून काही न शिकलेला, निरागस, उपजत प्रतिभेचा बालक.

केव्हिन मूर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही प्रतिमा उसवून दाखविली आहे. हा मुलगा पोकळीत वाढला नव्हता. हौशी छायाचित्रकार बाप, सचित्र नियतकालिके, त्या काळी श्रीमंतांत पसरलेली खेळांची आणि वेगवान छायाचित्रांची आवड, या सर्वांत तो वाढला होता. संग्रहालयाला आधुनिक छायाचित्रणाचा एक निरागस पूर्वज हवा होता. तो त्याला मिळाला. वर्ग पुसला की प्रतिभा शिल्लक राहते, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्याकडेही जातीने दिलेली साधने, पाठांतराची परंपरा, घरातली पुस्तके, मोकळा वेळ हे सगळे पुसून त्याला 'उपजत संस्कार' असे नाव देण्यात आले. ज्यांना ही साधने नाकारली गेली त्यांच्या हातून काही घडले नाही की त्यांना 'प्रतिभाशून्य' म्हणावयाचे, आणि घडले की 'अपवाद' म्हणावयाचे.

१९६३ हेच बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाचेही वर्ष आहे. त्याच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरी लागलेला तरुण आहे. रेल्वे म्हणजे यंत्रयुगाचे प्रतीक. पण त्या यंत्रापर्यंत पोहोचल्यावरही त्याला प्रश्न पडतो तो राहावयाच्या खोलीचा. कामावर तो कामगार आहे. घर शोधावयास निघाला की तो फक्त जात आहे. एकीकडे मोटारीपासून दिवाणखान्यापर्यंत अखंड वाहणारे कुटुंबजीवन, आणि दुसरीकडे इंजिनापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर उभी असलेली जात. यंत्र आणि घर यांचा संबंध दोन समाजांत किती वेगळा असतो ते या एकाच वर्षात दिसते.

३

लार्तीगच्या मोटारी त्याने टिपल्या तेव्हा नव्या होत्या. आज त्या पुराणवस्तू झाल्या आहेत. यंत्र पुराणवस्तू कसे होते, याचाही विचार केला पाहिजे. केवळ जुने झाल्याने ते होत नाही. भंगारात गेलेले यंत्रही जुनेच असते. ज्या दिवशी यंत्रावरचे काम थांबते, त्यावरचे हात दूर होतात, तेलाचे डाग पुसले जातात आणि कोणीतरी त्याच्याकडे निवांत पाहू शकतो, त्या दिवशी ते पुराणवस्तू होते.

जर्मनीतील बेर्न्ट आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून कित्येक दशके खाणींचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांची छायाचित्रे घेतली. ढगाळ आभाळ, समोरून घेतलेले एकसारखे चित्र, माणूस कोठेही नाही. १९७० सालच्या पुस्तकात त्यांनी या बांधकामांना अनामिक शिल्पे म्हटले. पाडली जाणारी एक सबंध औद्योगिक सृष्टी त्यांनी चिकाटीने नोंदवून ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु त्या चित्रांपुढे उभे राहिले की जाणवते ते हे की भट्टी आता पाहण्यासाठी आहे, तापण्यासाठी नाही. तिच्या तोंडाशी जे भाजले ते कोणाच्या आठवणीत येत नाहीत.

आपल्याकडे हे जास्त भयंकर रूपात घडते, कारण आपल्याकडे यंत्राच्या मागे उभ्या माणसाला जातही असते. अलवारच्या महाराजांची एक आख्यायिका मोटारींच्या शौकिनांत मोठ्या चवीने सांगितली जाते. विलायतेत अपमान झाला म्हणून म्हणे त्यांनी रोल्स-रॉईस मोटारी विकत घेतल्या आणि सूड म्हणून शहराचा कचरा उचलण्यास लावल्या. ही आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. ती ऐकून लोक हसतात का, हा खरा प्रश्न आहे. मोटारीला कचरा लागला, एवढी उंची वस्तू एवढ्या हीन कामाला जुंपली गेली, म्हणून हसतात. कचऱ्याने मोटार बाटते, हे गृहीत धरल्याशिवाय या गोष्टीत विनोदच नाही. त्या कचऱ्यात पिढ्यान् पिढ्या ज्यांचे हात होते त्यांचे काय बाटले, असा प्रश्न ही गोष्ट सांगणाराला पडत नाही आणि ऐकणारालाही पडत नाही. लोखंडाला अपमान असतो, माणसाला नसतो.

४

आता रोगोव्हिनकडे वळू. मिल्टन रोगोव्हिन १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मला. तो डोळे तपासून चष्मे देण्याच्या व्यवसायात होता. १९३८ साली तो बफेलो या पोलादी शहरात आला. मंदीच्या काळाने त्याला डावीकडे वळविले होते. १९५७ साली त्याला 'अमेरिकाविरोधी' कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावण्यात आले. त्याने साक्ष देण्यास नकार दिला. स्थानिक वृत्तपत्राने त्याला बफेलोतील सर्वांत मोठा लाल ठरविले, आणि त्याच्या दुकानातील गिऱ्हाईक ओसरले. आपला आवाज बंद करण्यात आला तेव्हा आपण चित्रांतून बोलू, अशा निर्धाराने हा मनुष्य पन्नाशीच्या उंबरठ्यावर छायाचित्रणाकडे गंभीरपणे वळला. कृष्णवर्णीयांच्या छोट्या प्रार्थनाघरांची त्याची चित्रे १९६२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी प्रास्ताविक लिहिले. पत्नी ॲन ही शिक्षिका. साऱ्या कामात तिची साथ होती.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने बफेलो परिसरातील पोलादाच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांत चित्रे घेण्यास आरंभ केला. या मालेची रचना अगदी साधी आहे. एका चित्रात कामगार कामाच्या जागी: डोक्यावर टोप, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगावर धूळ आणि काजळी, मागे अजस्र यंत्र. दुसऱ्या चित्रात तोच माणूस त्याच्या घरी: इस्त्रीचा सदरा, मांडीवर मूल, शेजारी जोडीदार, भिंतीवर कुटुंबाची चित्रे, कोपऱ्यात फुलदाणी. दोन्ही चित्रे शेजारी लावली की पहिल्या नजरेला माणूस एकच आहे हे ओळखू येत नाही. डोळे पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जातात, आणि मग ओळख पटते.

मला या रचनेत मोठा अर्थ दिसतो. लार्तीगला दोन चित्रांची गरज नव्हती, कारण मालकाचे यंत्र त्याच्या घरी येते. कामगाराला यंत्राकडे जावे लागते. त्याचे यंत्र त्याच्या घरी कधी येतच नाही. मालकाच्या घरी यंत्र मोटार होऊन येते. कामगाराच्या घरी ते खोकला होऊन येते, तुटलेले बोट होऊन येते. म्हणून कामगाराचे यंत्र आणि त्याचे कुटुंब एका चौकटीत मावत नाही. त्यासाठी दोन चौकटी लागतात, आणि त्या दोहोंच्या मधली रिकामी जागा हीच त्या मालेतील सर्वांत बोलकी जागा आहे. त्या जागेत फाटक आहे, भोंगा आहे, पाळीची वेळ आहे, मजुरी आहे.

रोगोव्हिनची पद्धतही तपासण्यासारखी आहे. तो माणसांना कसे उभे राहा, कसे बसा हे सांगत नसे. कोठे बसावयाचे, मागे काय दिसावे, कोणाला जवळ घ्यावयाचे, हे त्यांचे ते ठरवीत. चित्र तयार झाले की प्रत तो त्यांना नेऊन देई. गरिबांची छायाचित्रे घेणारे पुष्कळ असतात. अश्रू, उघडी पोरे, फाटके छप्पर घेऊन ते निघून जातात, आणि ज्याचे चित्र त्याला ते कधी दिसत नाही. येथे माणूस स्वतःला कसे दाखवावयाचे ते स्वतः ठरवितो. कणव मागणारी नजर त्यामुळे या चित्रांत सापडत नाही. ही माणसे आपल्याकडे बरोबरीने पाहतात.

आणि हे पोलादाचे जग वर्णभेदापासून मुक्त नव्हते. अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांत कृष्णवर्णीयांना वर्षानुवर्षे कोकभट्ट्यांवर आणि तशाच धगीच्या, धुराच्या खात्यांत ठेवले जाई. ज्येष्ठता खात्यापुरती मोजली जात असल्यामुळे खाते बदलले की सारी सेवा पाण्यात जाई. म्हणजे बढतीची वाट कागदावर मोकळी आणि प्रत्यक्षात बंद. दीर्घ न्यायालयीन लढ्यांनंतर १९७४ साली नऊ मोठ्या पोलाद कंपन्या, कामगार संघटना आणि सरकार यांच्यात समझोता झाला, तेव्हा ही पद्धत मोडण्यास सुरुवात झाली आणि स्त्रियांनाही या कामात शिरकाव मिळू लागला. रोगोव्हिनच्या मालेत भट्टीपुढे उभ्या असलेल्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कामगार दिसतात, त्यांच्या पाठीशी हा लढा आहे. कारखान्यातल्या चित्रात ती टोप आणि जाड कपडे घातलेली पोलाद कामगार आहे. घरच्या चित्रात ती आई आहे. दोन्ही ठिकाणी ती ताठ उभी आहे.

पुढे काय झाले? १९८२ सालच्या डिसेंबरात बेथलेहेम स्टील कंपनीने बफेलोजवळच्या लॅकवाना येथील पोलादनिर्मिती बंद करण्याची घोषणा केली आणि १९८३ साली भट्ट्या विझल्या. हजारो लोक बेकार झाले. रोगोव्हिन त्यांच्याकडे पुन्हा गेला. ज्यांची चित्रे घेतली होती त्यांना शोधून त्याने त्यांची पुन्हा चित्रे घेतली. इतिहासकार मायकेल फ्रिश यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. १९९३ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात कामगार स्वतःच्या तोंडाने बोलतात. माझ्या मते ही या मालेची पूर्तता होय. चित्र कितीही प्रामाणिक असले तरी ते दुसऱ्याने घेतलेले असते. माणूस बोलू लागला म्हणजेच तो आपल्या चित्राचा धनी होतो. दलित आत्मकथनाने मराठीत जे केले ते याच जातीचे काम आहे.

५

१९८२ सालचा डिसेंबर लॅकवानाचा. त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. दोन्हीकडे एक औद्योगिक जग एकाच वेळी कोसळत होते. मात्र बफेलोच्या कामगाराला रोगोव्हिन भेटला. आपल्या साचेवाल्याला, आपल्या रिंगवाल्याला कोण भेटले?

कामगार म्हणजे एकजिनसी वर्ग, असे आपल्याला सांगण्यात आले. पण मुंबईच्या गिरणीत यंत्रालाही सोवळे होते. साचेखात्यात मजुरी जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे. म्हणून महाराची थुंकी चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला: अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणी संपाच्या मागण्यांत घेणार की नाही? १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले, आणि अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होऊ शकतो पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, हे दाखवून दिले. यंत्र आणि घर यांच्यामधली जी जागा मी वर म्हटली, तिच्यात आपल्याकडे जात कशी उभी होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? बफेलोत कोकभट्टी, मुंबईत रिंगखाते, रेल्वेत रूळ. कोणाच्या वाट्याला कोणते यंत्र, हे कौशल्यावर ठरत नव्हते.

"यंत्राला जात नसते, सौंदर्याला जात नसते, तुम्ही छायाचित्रातही जात शोधता," असे म्हणणारे प्रस्थापित समीक्षक आजही आहेत. त्यांनी साचेखात्याचा हा इतिहास वाचावा. यंत्राला जात नव्हती हे खरे. ती त्याला देण्यात आली. आता गिरण्या गेल्यावर तेच यंत्र निर्जात, निर्मळ, 'औद्योगिक वारसा' होऊन आपल्यापुढे येते. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला, तेव्हा गिरणीची चिमणी शोभेसाठी राखण्यात आली. तिच्यापुढे तरुण मुले आपली चित्रे काढून घेतात. त्यांचा दोष नाही. त्या चिमणीखाली कोण राबत होते, कोणत्या खात्यात कोणाला मज्जाव होता, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आपल्या वस्त्यांतील घरांच्या भिंतींवर मी पुष्कळ छायाचित्रे पाहिली आहेत. बुद्ध आणि बाबासाहेब सर्वांत वर. त्याखाली लग्नाचा फोटो, मुलाचा पदवीचा फोटो. आणि बहुतेक घरांत एक निवृत्तीचा फोटो असतो: गळ्यात हार, हातात श्रीफळ, दोन्ही बाजूंना साहेब. पस्तीस वर्षे ज्या यंत्रावर काढली ते यंत्र त्या फोटोत नाही. कामगार खुर्चीवर बसलेला आपल्याला दिसतो तो त्या एकाच दिवशी. म्हणजे आपल्याकडे घराचे चित्र आहे, समारंभाचे चित्र आहे. कामाचे चित्र नाही. रोगोव्हिनच्या जोडीतील निम्मी चौकट आपल्याकडे रिकामी आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला यंत्रही आले नाही त्यांचे काय? मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी केलेली चित्रमाला या ठिकाणी आठवते. गटारात उतरलेला, कचऱ्याच्या ढिगात कमरेपर्यंत शिरलेला माणूस आणि त्याच्या घरातली माणसे, दोन्ही त्यांनी दाखविली. जगात यंत्रे जुनी होऊन संग्रहालयात गेली, आणि येथे एका माणसाला त्याच्या जातीमुळे अजून यंत्राच्या जागी उतरविले जाते. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारातील मृत्यू थांबले नाहीत. जुन्या मोटारींच्या फेरीइतकी जागा या चित्रांना कोणत्या वर्तमानपत्राने दिली?

६

इतके सारे म्हटल्यावर लार्तीगला नाकारावे, आणि रोगोव्हिनला कवटाळावे, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो मान्य नाही. आपली चळवळ नकाराची आहे, पण तो नकार आनंदाला नाही. जिन्यावरून उडी घेणारी ती मुलगी पाहून मला राग येत नाही. माझ्या वस्तीतील मुलीची अशी उडी कोणी का टिपली नाही, याचा राग येतो. ती उडी मारीत नव्हती काय? मारीत होती. पण आमच्याकडे कॅमेरा घेऊन येणारा दुःख शोधीत येई. उडी त्याच्या विषयात बसत नसे.

गरिबांनाही यंत्राची नशा असते. जत्रेत फोटोवाल्याचा तंबू असे. त्यात पुठ्ठ्याची मोटार किंवा विमान रंगवून उभे केलेले असे. आमच्या घरी असा एक फोटो होता. पुठ्ठ्याच्या मोटारीत चाकामागे वडील, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आई, मागे आम्ही दोघे भाऊ. वडील रिंगखात्यात होते. आयुष्यभर यंत्र चालविणाऱ्या त्या माणसाचा यंत्राबरोबरचा एकुलता एक फोटो तो, आणि त्यातले यंत्र पुठ्ठ्याचे. कोणी याला केविलवाणे म्हणेल. मी म्हणणार नाही. चेहऱ्यावर चोरटे हसू आहे, मोटार खोटी आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही त्यांनी चाक घट्ट धरले आहे. वेगाचा, मौजेचा, कुटुंबासह दूर निघण्याचा हक्क ते सांगत आहेत. लार्तीगच्या शर्यतीच्या चित्राशेजारी हा फोटो लावावा, असे मला वाटते. दोन्हीत एकच इच्छा आहे. एका घरात ती दारात उभी होती, दुसऱ्या घरात तिला जत्रेची वाट पाहावी लागे.

म्हणून दलित सौंदर्यविचाराने छायाचित्राकडून दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, कामाची आणि घराची चौकट जोडली पाहिजे. एकट्या यंत्राचे सौंदर्य आम्हाला मान्य नाही, आणि एकट्या दुःखाचेही नाही. दुसरी, त्या माणसाला स्वतःचे चित्र स्वतः मांडता आले पाहिजे आणि त्याविषयी बोलता आले पाहिजे.

हे काम कोणी परका येऊन करील याची वाट पाहू नये. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. साधन नाही ही सबब आपल्या पिढीपुरती संपली आहे. गिरणीत, रेल्वेत, वीज केंद्रात, साखर कारखान्यात, चर्मालयात, नगरपालिकेच्या गाडीवर राबलेली आपली माणसे अजून आहेत, पण ती फार दिवस असणार नाहीत. त्यांच्याकडे जा. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतले फोटो काढावयास सांगा. प्रत्येक फोटोमागे नाव, साल, गाव, आणि विशेषतः खाते लिहून घ्या. कोणत्या खात्यात होता आणि कोणत्या खात्यात जाऊ दिले नाही, दोन्ही लिहा. कोणते यंत्र, कोणती पाळी, बदलीवर किती वर्षे, कायम केव्हा, हे विचारा. जमल्यास ज्या जागी यंत्र होते तेथे त्यांना नेऊन उभे करा, मग ते ठिकाण आज मॉल असो की मनोरा, आणि मग त्यांच्या घरी त्यांना हवे तसे बसवून दुसरे चित्र घ्या. प्रत त्यांच्या हातात द्या. शिक्षकांनी वर्गात असा एक अल्बम करून घेतला तर पाठ्यपुस्तकातल्या औद्योगिक क्रांतीच्या धड्याला पहिल्यांदाच माणसांचे चेहरे येतील.

जुन्या मोटारीची फेरी पुढच्या वर्षीही निघेल. चित्रेही छापून येतील, आणि खाली 'वारसा' असे लिहिलेले असेल. तोपर्यंत आपल्या पेट्यांतील फोटो बाहेर आलेले असले पाहिजेत. ते आले की वारसा हा शब्द कोणालाही इतक्या सहज लिहिता येणार नाही.